जुन्या कॅथलिक शाळांच्या इमारती पाडण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो, डेट्रॉईट अशा अमेरिकन शहरांत चर्चला लागून उभ्या असलेल्या विटांच्या जुन्या शाळा गेल्या साठ वर्षांत मोठ्या संख्येने बंद झाल्या आणि त्यांतील अनेक पाडण्यातही आल्या. प्रत्येक पाडकामाच्या वेळी माजी विद्यार्थी, शेजारी आणि चर्चचे व्यवस्थापन यांच्यात तेच ते प्रश्न पुन्हा उभे राहतात. त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वसईच्या चर्चमध्ये रुळलेले ‘धर्मग्राम’, ‘धर्मप्रांत’, ‘धर्मभगिनी’ हेच शब्द येथेही वापरले आहेत. धर्मग्राम म्हणजे एका चर्चभोवतीचा श्रद्धावंतांचा समुदाय, धर्मप्रांत म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेश आणि धर्मभगिनी म्हणजे व्रतस्थ जीवन जगणाऱ्या सिस्टर (नन).

या शाळा कोणी आणि कशासाठी बांधल्या?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील सरकारी शाळा नावाला सर्वांच्या असल्या, तरी त्यांचे वळण प्रॉटेस्टंट होते. वर्गात प्रॉटेस्टंटांचे इंग्रजी भाषांतर असलेले किंग जेम्स बायबल वाचले जाई आणि आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक पालकांना ते मान्य नव्हते. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात या वादातून दंगली उसळल्या आणि सेंट मायकल व सेंट ऑगस्टिन ही दोन चर्च जाळण्यात आली. पुढे १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या तिसऱ्या महासभेने ठराव केला, की ज्या चर्चजवळ शाळा नाही तेथे ती दोन वर्षांच्या आत उभारावी. सगळीकडे ही मुदत पाळली गेली नाही, परंतु बांधकामांचा जो सपाटा सुरू झाला तो पुढे अनेक दशके चालला.

या इमारतींचा पैसा श्रीमंत देणगीदारांकडून क्वचितच आला. कत्तलखान्यांत, पोलादाच्या कारखान्यांत आणि गोदीत राबणाऱ्या आयरिश, जर्मन, पोलिश आणि इटालियन कुटुंबांनी रविवारच्या मिस्सेला (सामुदायिक उपासनेला) टाकलेल्या नाण्यांतून तो जमा झाला. पोलिश वस्तीतील शाळेच्या दारावर पोलिश अक्षरे कोरली गेली आणि जर्मन वस्तीत जर्मन. कित्येक ठिकाणी पैसा अपुरा असल्यामुळे खाली चर्च आणि वर वर्ग अशी एकच इमारत बांधली जाई, आणि स्वतंत्र चर्च नंतर सवडीने होई. चर्च मागाहून, शाळा आधी, असा हा क्रम होता, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय आजचा संताप नीट समजत नाही.

या शाळांना सरकारकडूनही विरोध झाला. विस्कॉन्सिन राज्याने १८८९ मध्ये ठरावीक विषय इंग्रजीतूनच शिकवण्याची सक्ती करणारा कायदा केला, तेव्हा जर्मन कॅथलिक आणि लुथरन (एका प्रॉटेस्टंट पंथाचे) मतदार एकत्र आले आणि १८९१ मध्ये तो रद्द करावा लागला. ओरेगनने तर मुलांना सरकारी शाळेतच पाठवण्याची सक्ती केली होती. धर्मभगिनींच्या एका संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला.

मग या शाळा रिकाम्या कशा झाल्या?

१९६५च्या सुमारास अमेरिकेत जवळपास १३ हजार कॅथलिक शाळा होत्या आणि त्यांत सुमारे ५२ लाख मुले शिकत होती. आज शाळा ६ हजारांहून कमी आहेत आणि विद्यार्थी १७ लाखांच्या आसपास.

याचे सर्वांत मोठे कारण लोक सहसा शेवटी सांगतात, म्हणून ते येथे आधी सांगतो. या शाळा धर्मभगिनींच्या जवळजवळ फुकट श्रमांवर चालत होत्या. १९६५ मध्ये देशात सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. आज त्यांची संख्या ४० हजारांच्याही खाली आहे आणि त्यांतील बहुसंख्य वृद्ध आहेत. पन्नास-साठ मुलांचा वर्ग नाममात्र मानधनावर सांभाळणारी सिस्टर गेली आणि तिच्या जागी पगारी शिक्षक आला, तेव्हा शुल्क वाढले आणि ज्या कामगार कुटुंबांसाठी शाळा उभी राहिली होती त्यांनाच ते परवडेनासे झाले. शिक्षकांच्या पगारासाठी राज्य सरकारांनी मदत देऊन पाहिली, पण १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि ऱ्होड आयलंड येथील अशा योजना सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या.

याच काळात गोरी कॅथलिक कुटुंबे उपनगरांत गेली आणि कुटुंबे लहान होत गेली. जुन्या वस्त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी कुटुंबे राहायला आली. त्यांतील अनेक कॅथलिक नसूनही त्यांनी मुलांना याच शाळांत घातले. अखेरच्या काळात कित्येक शाळा या नव्या पालकांनीच तगवून धरल्या होत्या.

शाळा बंद झाली म्हणून इमारत पाडायलाच हवी का?

नाही. मात्र ती रिकामी ठेवणेही फुकट पडत नाही, आणि भावनेच्या भरात हिशेबाची ही बाजू राहून जाते.

शाळा बंद झाल्याबरोबर उत्पन्न थांबते, खर्च थांबत नाही. उत्तरेकडील कडक हिवाळ्यात बंद इमारतही थोडीफार उबदार ठेवावी लागते, अन्यथा नळांतील पाणी गोठून नळ फुटतात आणि एका रात्रीत तीन मजले भिजतात. रिकाम्या इमारतीचा विमा महाग असतो आणि कधीकधी मिळतच नाही. तांब्याचे नळ आणि तारा चोरीला जातात. छपराच्या एका फटीतून शिरलेले पाणी काही वर्षांत लाकडी तुळया कुजवते, आणि मग अभियंत्याच्या अहवालात ‘धोकादायक’ हा शब्द येतो. असा शब्द एकदा कागदावर आला की पुढची चर्चा जवळपास संपलेलीच असते.

दुसरा वापर शोधायचा म्हटले तरी अडथळे आहेत. अपंगांच्या सोयींविषयीच्या १९९० च्या कायद्यातून धार्मिक संस्थांना सूट आहे. त्यामुळे उद्वाहक नसलेली, पायऱ्यांवर पायऱ्या असलेली चार मजली शाळा चर्चने चालवली तर चालते. तीच इमारत एखाद्या बिगरधार्मिक संस्थेने भाड्याने घेतली, तर मात्र त्या भाडेकरूला हा कायदा लागू होतो. नळांवरील वेष्टनात आणि फरशांत ॲस्बेस्टॉस हे आरोग्याला घातक तंतुमय खनिज असते, जुन्या रंगात शिसे असते. या सगळ्यावर खर्च करण्याऐवजी इमारत पाडून वाहने उभी करण्याची जागा करावी, असा विचार कर्जात असलेला धर्मग्राम करतो. मला तो विचार अदूरदर्शी वाटतो, पण दुष्टपणाचा वाटत नाही.

पाडकामाच्या धुळीमुळे शेजाऱ्यांना धोका असतो का?

नियम पाळले नाहीत तर असतो. अमेरिकेतील हवाशुद्धतेच्या संघीय नियमांनुसार पाडकामापूर्वी ॲस्बेस्टॉसची तपासणी करावी लागते, निदान दहा कामकाजाचे दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि धूळ होऊन उडू शकेल असा ॲस्बेस्टॉस इमारत पाडण्याआधी काढून घ्यावा लागतो. तपासणी अहवालाची प्रत मागण्यात शेजाऱ्यांनी संकोच करू नये.

पाडण्याचा निर्णय नेमका कोण घेतो?

चर्चच्या कायद्यानुसार धर्मग्राम ही स्वतंत्र संस्था असते आणि तिची मालमत्ता तिचीच असते. प्रमुख धर्मगुरू तिचे व्यवस्थापन पाहतात आणि त्यांना सल्ला देण्यासाठी अर्थसमिती असणे बंधनकारक आहे. देशाच्या कायद्यात मात्र चित्र वेगळे दिसते. बोस्टन आणि शिकागो येथे मालमत्ता आर्चबिशपांच्या, म्हणजे मोठ्या धर्मप्रांताच्या प्रमुख बिशपांच्या, पदाच्या नावावर, एका व्यक्तीच्या कायदेशीर संस्थेच्या स्वरूपात, नोंदलेली असते. त्यामुळे ‘शाळा आमच्या आजोबांनी बांधली’ आणि ‘कागदोपत्री मालक आर्चबिशप आहेत’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात आणि बैठकीत दोन्ही बाजू आपापले विधान पुन्हा पुन्हा ऐकवत राहतात.

बिशपांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची सोय चर्चच्या कायद्यात आहे. निर्णय कळल्यापासून दहा दिवसांत त्यांच्याकडेच फेरविचाराची विनंती करावी लागते आणि ती फेटाळली गेल्यास पंधरा दिवसांत वरिष्ठांकडे, म्हणजे व्हॅटिकनकडे, जाता येते. २०१२ मध्ये क्लीव्हलँड धर्मप्रांतातील १३ धर्मग्राम बंद करण्याचे आदेश व्हॅटिकनने याच मार्गाने फिरवले होते. पण त्यात एक मेख आहे. पवित्र वास्तू म्हणून चर्चला जे खास संरक्षण चर्चच्या कायद्यात आहे, ते शाळेच्या इमारतीला नाही. चर्च उपासनेऐवजी इतर साध्या उपयोगासाठी खुले करायचे तर गंभीर कारण दाखवावे लागते. शाळा पाडण्यासाठी तशी अट नाही.

वारसा वास्तू म्हणून नोंद झाली तर पाडकाम थांबते ना?

बहुतेकांचा हाच समज असतो आणि तो बहुतांशी चुकीचा आहे.

१९६६ च्या कायद्याने सुरू झालेल्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत इमारतीचे नाव गेले, तरी खासगी मालक स्वतःच्या पैशाने ती पाडू शकतो. ती नोंद सन्मानाची आहे. प्रकल्पात संघीय सरकारचा पैसा किंवा परवानगी गुंतलेली असेल तरच पुनरावलोकनाची प्रक्रिया सुरू होते. खरे बंधन घालू शकते ती शहराची स्थानिक वारसा यादी, आणि तिचे नियम शहरागणिक बदलतात. बोस्टनमध्ये पन्नास वर्षांहून जुनी इमारत पाडण्याचा अर्ज आला तर ती महत्त्वाची ठरल्यास नव्वद दिवसांची स्थगिती मिळते. शिकागोतही सर्वेक्षणात वरच्या वर्गात नोंदलेल्या इमारतींसाठी नव्वद दिवसांपर्यंतची स्थगिती आहे. नव्वद दिवसांत गिऱ्हाईक, आराखडा आणि पैसा उभा करणे जवळपास अशक्य असते. या मुदतीत होते ते बहुधा निरोपाचे नियोजन.

शिवाय धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा येतो. शिकागोच्या नियमानुसार प्रामुख्याने उपासनेसाठी वापरली जाणारी धार्मिक संस्थेची इमारत मालकाच्या संमतीशिवाय वारसा म्हणून घोषित करता येत नाही. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये धार्मिक संस्थांना स्थानिक वारसा नियमांतून बाहेर पडण्याची मुभा दिली आणि २००० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध मानली. टेक्ससमधील बर्नी गावात चर्च वाढवण्याची परवानगी वारसा नियमांखाली नाकारली गेली, तेव्हा सॅन अँटोनियोच्या आर्चबिशपांनी दावा केला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर तडजोडीत जुन्या चर्चचा मोठा भाग राखून विस्तार झाला. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, २००० साली धार्मिक संस्थांच्या जमीनवापरासंबंधी नवा कायदा करून त्यांची बाजू पुन्हा बळकट केली. मात्र तो कायदा म्हणजे सर्व नियमांतून सुटका नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहराने अवर लेडी ऑफ होप या एकाच चर्चपुरता वारसा विभाग जाहीर केला, तेव्हा त्यामुळे धर्माचरणावर मोठा बोजा पडतो हे म्हणणे अपील न्यायालयाने २०१३ मध्ये स्वीकारले नाही.

एका इमारतीसाठी लोक एवढे का हळहळतात?

सगळे एकाच कारणाने हळहळत नाहीत, आणि सगळेच हळहळतात असेही नाही.

माजी विद्यार्थ्यांचे दुःख सर्वांत मोठ्याने ऐकू येते. ते कुंपणाबाहेर जमतात, छायाचित्रे काढतात, विटा मागून नेतात, तिसरीच्या वर्गाची खिडकी कोणती होती यावर वाद घालतात. त्यांतील बरेच जण पन्नास वर्षांपूर्वी ती वस्ती सोडून गेलेले असतात आणि त्यांची मुले सरकारी शाळांत शिकलेली असतात. हे दाखवून दिले की त्यांना राग येतो. पण धर्मगुरूंच्या बाजूने पाहिले तर छपराच्या वर्गणीला न आलेली माणसे पाडकामाच्या दिवशी शेकड्यांनी दिसतात, तेव्हा त्यांनाही काही वाटतच असेल.

वस्तीत अजून राहणाऱ्यांचे दुःख निराळे असते. त्यांच्यासाठी शाळा म्हणजे संध्याकाळी दिवा असलेली, रस्त्यावर नजर ठेवणारी जागा. नोत्र दाम विद्यापीठातील कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी शिकागोतील वस्त्यांचा अभ्यास केला. जेथे कॅथलिक शाळा बंद झाली तेथे शेजाऱ्यांमधील एकोपा कमी झाला आणि अव्यवस्था वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. कृष्णवर्णीय वस्त्यांतील पालकांची तक्रार याहून टोकदार असते. शहरातील शाळा बंद होतात आणि उपनगरांतील टिकतात, यात त्यांना चर्चने पाठ फिरवलेली दिसते.

पाडकामाने मोकळे वाटावे असेही प्रसंग आहेत. शिकागोतील अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेला १ डिसेंबर १९५८ रोजी आग लागली आणि ९२ मुले व ३ धर्मभगिनी मृत्युमुखी पडल्या. उघडे जिने, पाण्याच्या स्वयंचलित फवाऱ्यांचा अभाव आणि बाहेर पडण्याचे अपुरे मार्ग ही कारणे पुढे आली, आणि त्यानंतर देशभर शाळांच्या अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. जळालेली इमारत पुढच्या वर्षी पाडण्यात आली व १९६० मध्ये त्याच जागी नवी शाळा उघडली. ‘जुन्या इमारती भक्कम होत्या’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही आग विसरू नये.

धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांची भरपाई देण्यासाठी शाळा विकल्या जातात, हे खरे आहे का?

हा संशय सर्वत्र घेतला जातो आणि त्याला पार्श्वभूमी आहे. बोस्टनच्या आर्चडायोसिसने, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांताने, २००३ मध्ये पीडितांशी ८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड केली आणि पुढच्याच वर्षी अनेक धर्मग्राम बंद करण्याची घोषणा केली. बंद केलेल्या धर्मग्रामांचा पैसा या भरपाईसाठी नाही, असे तेव्हा सांगण्यात आले, पण ज्यांचा विश्वास आधीच उडाला होता त्यांनी ते ऐकून घेतले नाही. २००४ मध्ये पोर्टलंडपासून सुरुवात होऊन अनेक धर्मप्रांत दिवाळखोरीत गेले. तेथे धर्मग्रामाची मालमत्ता धर्मप्रांताची मानायची का, हा प्रश्न थेट न्यायालयासमोर आला. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी विक्रीचा पैसा कोणत्या खात्यात जाणार हे लेखी विचारणे रास्त आहे. विटा पडण्याचे दुःख एकवेळ सहन होते, हिशेब न मिळण्याचे होत नाही.

वाचलेल्या इमारतींची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि त्यांतील सगळी सुखद नाहीत. बोस्टनच्या ब्रायटन भागातील अवर लेडी ऑफ द प्रेझेंटेशन शाळा २००५ च्या जूनमध्ये, पालक इमारत ताब्यात घेतील या भीतीने, शैक्षणिक वर्ष संपण्याआधीच कुलपे बदलून बंद करण्यात आली. संतापलेल्या पालकांनी आणि शेजाऱ्यांनी संस्था स्थापन केली, आर्चडायोसिसशी वाटाघाटी करून इमारत विकत घेतली आणि तेथे समाजकेंद्र उभे केले. माझ्या मते लोकांच्या आंदोलनाला मिळालेले हे सर्वांत ठोस यश आहे. वॉशिंग्टनमध्ये २००८ साली सात कॅथलिक शाळांचे रूपांतर सरकारी पैशावर चालणाऱ्या स्वायत्त शाळांत झाले. क्रूस उतरले, वर्ग मात्र चालू राहिले. डेट्रॉईटमधील ट्रान्सफिगरेशन शाळेत आता सदनिका आहेत.

न्यूयॉर्कमध्ये प्रिन्स स्ट्रीटवरील जुन्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलची शाळा १९६६ पासून शहराच्या वारसा यादीत होती, म्हणून ती पाडता आली नाही. पण २०१० मध्ये शाळा बंद झाली आणि इमारतीत श्रीमंतांची घरे झाली. दर्शनी भिंत जशीच्या तशी राहिली, आणि आत पाऊल टाकण्याची ऐपत जुन्या शेजाऱ्यांपैकी क्वचितच कोणाची असेल. त्याच शहरात आयरिश निर्वासितांनी बांधलेले सेंट ब्रिजिड चर्च २००६ मध्ये पाडायला सुरुवातही झाली होती. ते न्यायालयात थांबले आणि २००८ मध्ये एका अनामिक दात्याच्या २ कोटी डॉलरांमुळे वाचले. चर्चशेजारची शाळा मात्र २०१९ मध्ये बंद झाली आणि पुढे तिची इमारत शहरात आलेल्या आश्रयार्थींच्या कामासाठी वापरली गेली.

इमारत वाचवायची असेल तर केव्हा सुरुवात करावी?

शाळा चालू असताना. पाडकामाचा परवाना मागितल्यानंतर नव्हे, आणि शाळा बंद झाल्यानंतरही नव्हे.

फिलाडेल्फियाचे उदाहरण पाहावे. जानेवारी २०१२ मध्ये तेथील धर्मप्रांताच्या समितीने इतर अनेक शाळांबरोबर चार माध्यमिक शाळा बंद करण्याची शिफारस केली. माजी विद्यार्थ्यांनी आणि देणगीदारांनी काही आठवड्यांत कोट्यवधी डॉलर उभे केले आणि फेब्रुवारीत आर्चबिशपांनी चारही शाळा चालू राहतील असे जाहीर केले. तोच उत्साह शाळा रिकामी होऊन दहा वर्षे लोटल्यावर दाखवला असता, तर हाती फक्त आठवणींचा कार्यक्रम लागला असता.

शाळा टिकणारच नसेल, तर बंद होण्याच्या वर्षीच तीन गोष्टी मागाव्यात : छपराच्या डागडुजीची लेखी हमी, इमारतीच्या स्थितीचा स्वतंत्र अहवाल आणि नवा वापर शोधण्यासाठी ठरावीक मुदत. उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक इमारतीच्या पुनर्वापरावर खर्चाच्या २० टक्के संघीय करसवलत मिळते. त्यासाठी राष्ट्रीय नोंदवहीतील नोंद लागते. नोंदीचा खरा उपयोग येथे आहे. चर्चला स्वतःला कर नसल्यामुळे ही सवलत विकासकाच्या मार्फतच कामी येते.

मुंबईतही हाच प्रश्न आहे का?

स्वरूप वेगळे आहे. मुंबईतील जुन्या कॉन्व्हेंट शाळांत प्रवेशासाठी आजही रांगा लागतात. तेथे इमारतीवर दबाव येतो तो वाढत्या गरजांचा आणि जमिनीच्या किमतीचा. १९९५ च्या वारसा नियमावलीखाली यादीत असलेल्या इमारतींच्या पाडकामासाठी वा मोठ्या बदलासाठी वारसा संवर्धन समितीचे मत घ्यावे लागते. यादीबाहेरच्या शाळेला तो आधार नाही.

पाडकामातील विटा, कोनशिला आणि घंटा यांचे काय होते?

ठेकेदाराशी झालेल्या करारात वेगळे लिहिले नसेल, तर निघालेला माल बहुधा ठेकेदाराचा होतो. शिकागो आणि सेंट लुईसच्या जुन्या विटांना चांगला भाव असल्यामुळे त्या दूरच्या राज्यांत नव्या घरांच्या भिंतींत जातात. म्हणून कोनशिला, घंटा, पुतळे, रंगीत काचा आणि दारावरचे कोरीव नाव धर्मग्रामाकडे राहील, हे करारावर सही होण्यापूर्वी लिहून घ्यावे. कोनशिलेमागे बांधकामाच्या वेळी ठेवलेली पेटी असण्याची शक्यता असते. ती उघडताना माजी विद्यार्थ्यांना बोलावण्याचा साधा शिष्टाचारही अनेकदा पाळला जात नाही.

शाळाच उरली नाही तर जुने दाखले आणि गुणपत्रके कोठे मिळतात?

बंद झालेल्या शाळेची कागदपत्रे साधारणपणे धर्मप्रांताच्या शिक्षण कार्यालयाकडे किंवा अभिलेखागाराकडे जातात. काही वेळा ती विलीन झालेल्या धर्मग्रामाकडे असतात, तर धर्मभगिनींच्या संस्थेने स्वतः चालवलेल्या शाळेची कागदपत्रे त्या संस्थेच्या मुख्य मठात सापडू शकतात. अर्ज करताना शाळेचे नाव, वस्ती, शिक्षणाची वर्षे आणि त्या वेळी नोंदवलेले आडनाव द्यावे. बाप्तिस्म्याची आणि विवाहाची नोंद शाळेच्या दप्तरात नसते, तिच्यासाठी धर्मग्रामाकडेच विचारावे लागते.